बेडूक, हत्ती आणि पाच दिवस

लेक पावणेतीन वर्षांची झाली आणि बायको पुन्हा कामावर रुजू झाली. ती नर्स, तिची ड्युटी सकाळची. माझी खोपोलीच्या कारखान्यात दुपारची पाळी. त्यामुळे लेकीला बालवाडीत रुळवण्याचं काम आपसूक माझ्याकडे आलं.

"दोन दिवसांत रमेल," मी म्हणालो. बायको नुसती हसली.

बालवाडी कर्जतमध्येच, आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. दोन खोल्या, पुढे ओटा, शिकवायला एक बाई आणि मदतीला एक मावशी. पहिल्या दिवशी आत पाऊल टाकलं तर सात-आठ पोरं एका सुरात रडत होती. माझी लेक रडली नाही. तिने माझ्या शर्टाचा खिसा मुठीत धरला आणि शांतपणे सांगितलं, "बाबा, तू इथंच बस."

बाईंनी एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची दिली. मी बसलो तेव्हा गुडघे छातीला टेकले. लेक ठोकळे रचायची, मध्येच मान वळवून मी आहे ना ते बघायची आणि पुन्हा ठोकळ्यांकडे वळायची.

दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "नुसते बसू नका, आमच्यात या." मग प्राण्यांच्या गाण्यांत मी हत्ती झालो. हत्ती जमला. पुढे बेडूक झालो आणि पहिल्याच उडीत पँट मागून टरकन उसवली. बालवाडी सुटेपर्यंत मी खुर्चीतून हललो नाही. घरी जाताना लेकीचं दप्तर पाठीला न लावता जरा खाली धरलं. कुणाला काही कळलं नसेल असं समजून चालत होतो, तेवढ्यात लेकीने किराणावाल्याला हाक मारून सांगितलं, "बाबांची चड्डी दिसते!"

तिसऱ्या दिवशी बाईंनी माझी खुर्ची दाराशी सरकवली. चौथ्या दिवशी थेट बाहेर, ओट्यावर. मला वाटलं, आता लेक आकांत करणार. पण रडत बाहेर आली ती दुसरीच मुलगी. तिची आजी रोज भाजी विकायला बाजारात जायची आणि जाताना तिला इथे सोडायची. ती पोरगी आली, माझ्या मांडीवर चढली, नाक माझ्या शर्टाला पुसलं आणि झोपून गेली.

मावशी बघतच राहिल्या. "आठ दिस झालं, ही कुणाकडं जात नाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आता हलू नका तुमी."

मी हललो नाही. पायाला मुंग्या आल्या तरी हललो नाही. थोड्या वेळाने लेक दारात आली आणि तिने ते दृश्य पाहिलं. एक हात कमरेवर ठेवून दुसऱ्या हाताने तिने त्या मुलीला हलवून उठवलं.

"हे माझे बाबा आहेत."

ती मुलगी डोळे चोळत उठली. तिचा ओठ पुन्हा वाकडा व्हायला लागला. लेकीला काय वाटलं कोण जाणे, तिने तिचा हात धरला. "चल, आत ठोकळे आहेत. लाल तुला देते." दारापाशी पोचल्यावर मागे वळून मला म्हणाली, "बाबा, तू जा आता."

मी उठलो खरा, पण जावं कुठे ते कळेना. चार दिवसांत त्या खुर्चीची सवय झाली होती. मनात आलं, पोरीने निदान एकदा रडायचं तरी! मग स्वतःचीच लाज वाटली आणि घरी जाऊन दूध तापवत बसलो.

शुक्रवारी ती हसत आत गेली. सोमवारी मात्र दारातच तिने असं काही भोकाड पसरलं, की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. शनिवार-रविवार घरी राहून सगळं विसरली होती. मी खुर्ची शोधायला लागलो. मावशींनी तिला कडेवर घेतलं आणि मला दम भरला, "जावा वो! थांबलात तर ही आज गप नाय व्हायची."

मी कोपऱ्यापर्यंत गेलो आणि भिंतीआड उभा राहिलो. रडणं ऐकू येत होतं. हळूहळू नुसते हुंदके उरले आणि मग बाईंचं बेडकाचं गाणं सुरू झालं. चार-पाच बारीक आवाज त्यात मिसळले. त्यातला एक, सगळ्यात बेसूर, माझ्या ओळखीचा होता.

बायकोला फोन लावला. "रमली," मी म्हणालो.

"दोन दिवसांत?" तिने विचारलं.