कवळीकाकांची निळी गाडी

लोकांचे जबडे घडवण्यात कवळीकाकांची पस्तीस वर्षं गेली होती. खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना, वरच्या खोलीत काकांचं कामाचं टेबल. बाई मापं पाठवायच्या, काका कवळ्या करून द्यायचे, आणि बाई त्यातल्या निम्म्या काही ना काही खुसपट काढून परत धाडायच्या. बाईंना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. दात तर छान होते.

नातीच्या वाढदिवसाला काकांनी काडेपेटीएवढी रिमोटची निळी गाडी आणली. चालते का बघावी म्हणून टेबलावर सोडली. नातीला शेवटी रंगपेटी मिळाली. काकूंनी नवऱ्याकडे एकदा नुसतं बघितलं. एरवी तेवढं पुरायचं, या वेळी नाही पुरलं.

प्लॅस्टरच्या जबड्यांमधून गाडी सुसाट सुटली की काका गुडघेदुखी विसरत. एका आजोबांच्या उरलेल्या सुळ्याला वळसा घालून ती बाहेर पडली की त्यांना अगदी धन्य वाटे. तशी गाडी महा नाठाळ. दहा मिनिटं पळायची आणि पाऊण तास चार्जिंगला लोळायची. चाकात केस अडकला की चिमट्याने उपसत बसा. आणि ती समोरून आपल्याकडे यायला लागली की डावं-उजवं उलटंपालटं. मग गाडीऐवजी काकाच वळायचे.

एका दुपारी निवृत्त मुख्याध्यापकांची खालची कवळी चकाचक तयार झाली. काकांनी ती गाडीच्या टपावर ठेवली आणि गाडी हाकायला घेतली. मध्येच फोन वाजला. रिमोट बाजूला ठेवून ते बोलतायत, तोच गाडीने गिरकी घेतली, थेट कड गाठली आणि मुख्याध्यापकांच्या दातांसकट खाली उडी टाकली. गाडीला ओरखडाही नाही. कवळीचे मात्र दोन तुकडे.

काकांना दरदरून घाम फुटला. रिमोटला तर कुणी हात लावला नव्हता. तुकडे रुमालात गुंडाळून ते गुन्हा कबूल करायला खाली गेले.

दवाखान्यात पेशंट नव्हता. डॉक्टरीणबाई खुर्चीमागे फरशीवर पालथ्या पडल्या होत्या. हातात रिमोट, आणि पुढ्यात तशीच गाडी, फक्त लाल.

काका वाकून लाल गाडी निरखायला लागले. मग बाईंनी पडल्या पडल्याच विचारलं, "तुमच्याकडे आहे का अशी?"

"आहे. निळी."

"तरीच. परवा माझी आपोआप ट्रेवरून सुटली आणि थुंकायच्या भांड्यात पडली."

एकाचं बटण दाबलं की दोघांच्या गाड्या पळत होत्या, आणि आठवडाभर दोघंही आपल्याच रिमोटला शिव्या घालत होते. तिथल्या तिथे वाटणी झाली: सकाळ बाईंची, दुपार काकांची. मग काकांनी रुमाल उघडून दाखवला.

बाईंनी मुख्याध्यापकांना फोन लावला आणि खरं तेच सांगितलं, की तुमच्या दातांना गाडीचा अपघात झाला. मुख्याध्यापक हळहळले. त्यांनी काळजीने विचारलं, "ड्रायव्हरला लागलं का हो फार?"

बाईंनी काकांकडे पाहिलं. "नाही," त्या म्हणाल्या, "पण चांगलेच हादरलेत." फोन ठेवला आणि पोट धरून हसल्या.

दोन दिवसांत काकांनी दुसरी कवळी केली आणि मुख्याध्यापकांच्या घरी स्वतः पायी जाऊन दिली.