किकऑफच्या उजव्या कडेला

बाळांनो,

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी मला विचारलंत की बाबा ग्लासगोला शिकत असताना अमेरिकन फुटबॉल खेळायचा हे खरं का, आणि त्याने एका सहा फुटी माणसाला एकट्याने आडवं पाडून मॅच वाचवली हेही खरं का. पहिलं खरं आहे. दुसऱ्याबद्दल लिहायला बसले आहे, कारण ही गोष्ट तुमच्याकडे अमेरिकेत प्रत्येक थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला थोडी वाढते. आधी तो माणूस साधारण उंचीचा होता. अजून काही वर्षं मी गप्प राहिले तर तो घोड्यावर बसून येईल. साक्षीदार म्हणून आता मी एकटीच उरले आहे, तेव्हा हे काम आत्ताच उरकलेलं बरं.

आम्ही तेव्हा ब्रिटनमध्ये, दक्षिणेकडच्या एजवेअरला राहत होतो. तुमचे आजोबा हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ होते. भूल देणाऱ्या डॉक्टरची गंमत अशी की पेशंट शुद्धीवर आला की आभार सर्जनचे मानतो. ख्रिसमसला सर्जनच्या घरी चॉकलेटचे डबे जायचे. आमच्या घरी एखादं कॅलेंडर यायचं, तेही औषध कंपनीचं. आजोबांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. ती मी करायचे.

तुमचा बाबा इंजिनिअरिंगसाठी पार उत्तरेला, ग्लासगोला गेला. एजवेअरपासून याहून लांबची युनिव्हर्सिटी त्याला सापडली नसावी. पहिल्या वर्षाच्या शेवटी त्याने एका दमात दोन बातम्या दिल्या: गणितात नापास झालोय आणि टीममध्ये सिलेक्ट झालोय. दुसरी बातमी पहिलीवर साखर म्हणून पेरलेली होती. आजोबांनी विचारलं, क्रिकेटच्या का? नाही. मग फुटबॉल? हो, पण अमेरिकन. आजोबांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तिथले लोक जे खेळतात ते सोडून हा सगळं खेळणार."

त्या काळात हा खेळ ब्रिटनमध्ये टीव्हीवर नवा नवा आला होता आणि कॉलेजांतल्या मुलांना त्याची लागण झाली होती. रग्बीच्या मैदानावर रग्बीच्या रेषा तशाच ठेवून वरून यांच्या रेषा मारायच्या, त्यामुळे मैदान शाळेच्या भूमितीच्या वहीसारखं दिसायचं. हेल्मेटं कमी आणि मुलं जास्त. कोच म्हणून जवळच्या नौदलाच्या तळावरचा एक अमेरिकन खलाशी यायचा, आणि तो जे सांगेल ते वेदवाक्य.

तुझी जागा कोणती, असं मी विचारलं तेव्हा तुमचा बाबा म्हणाला की तो स्पेशल टीममध्ये आहे. मी गणपतीच्या आरतीनंतर मंडळातल्या सगळ्या बायकांना ते सांगून टाकलं. मग दिवाळीला तो घरी आला आणि खुलासा झाला. पंगतीत मीठ वाढणारा असतो ना, तसा हा प्रकार. येतो, चिमूटभर वाढतो आणि जातो. जिलबी वाढणारे वेगळे. बॉल लाथेने मारायची वेळ आली की स्पेशल टीमने मैदानात पळत जायचं, काही सेकंद धडपडायचं आणि परत बाकावर येऊन बसायचं. मंडळातल्या बायकांना हा खुलासा करायला मला अजून वेळ मिळालेला नाही.

आता किकऑफ. तुम्हाला तो माझ्यापेक्षा जास्त कळतो, पण मला जसा कळला तसा सांगते. मॅचच्या सुरुवातीला, आणि आपण पॉइंट मिळवले की त्यानंतर, बॉल एका छोट्या स्टँडवर ठेवून लांब मारायचा, म्हणजे आपल्या हाताने शत्रूला द्यायचा. आणि दिला की लगेच सगळ्यांनी जिवाच्या आकांताने धावत जाऊन, ज्याला दिला त्यालाच पाडायचं. दान देऊन मागून काठी घेऊन धावणारा यजमान मी दुसरा पाहिलेला नाही.

पण त्यातही शिस्त होती, आणि शिस्त असली की मी थोडी नरम पडते. धावणाऱ्या प्रत्येकाला मैदानाची एक उभी पट्टी नेमून दिलेली असते. तिला ते लेन म्हणायचे. आपापल्या लेनमधूनच धावायचं. सगळ्यांत कडेचे जे दोघे, त्यांनी तर काहीही झालं तरी बॉलवाल्याला आपल्या बाहेरून जाऊ द्यायचं नाही. तुमचा बाबा उजव्या कडेला होता. कोचची युक्ती अशी होती की बॉल मुद्दाम डाव्या कोपऱ्यात मारायचा, म्हणजे घेणारा रेषेत आणि आपल्या पोरांत अडकतो. याचा अर्थ, सगळी मजा डावीकडे आणि तुमचा बाबा उजवीकडे.

व्हायचं तेच झालं. एका मॅचमध्ये बॉल डावीकडे पडला, तिकडे झुंबड उडाली, आणि तुमच्या बाबाला एकट्याने उभं राहवेना. तोही झुंबडीत घुसला. तेवढ्यात बॉलवाल्याने आपल्या एका गड्याच्या हातात बॉल सरकवला आणि तो उलट दिशेने, म्हणजे तुमच्या बाबाच्या मोकळ्या लेनमधून, फिरायला निघाल्यासारखा शेवटच्या रेषेपर्यंत गेला. मॅच गेली. कोचने तुमच्या बाबाला बाकावर बसवलं.

त्या संध्याकाळी तो फोनवर रडवेला होता. "आई, मी लेन सोडली," एवढंच सारखं म्हणत होता. मी त्याला सांगितलं की आमच्या शाळेत आट्यापाट्या खेळायचो, त्यातही पाटीवरून पाय सुटला की डाव गेलाच. आठ-नऊ वर्षांच्या परकरातल्या पोरींना हे कळत होतं. एवढं शिकायला ग्लासगोपर्यंत जायची गरज नव्हती.

आजोबांना मात्र गणिताचा पेपर दिसत होता. त्यांनी सांगितलं की हा खेळ बंद, हेल्मेट परत कर आणि अभ्यासाला बस. तुमचा बाबा कधी उलट बोलत नसे. त्या दिवशी बोलला. "बाबा, तुम्ही एकदा या. बघा. मग सोड म्हणालात तर सोडतो, प्रॉमिस." आजोबांनी मला ड्यूटीचं वेळापत्रक आणायला सांगितलं.

आम्ही गेलो ती मॅच नोव्हेंबरात होती. पाऊस आडवा येत होता. प्रेक्षक म्हणजे आम्ही, काही मुलांच्या मैत्रिणी, आणि कुत्रा फिरवायला आलेला एक म्हातारा, जो निदान कुत्र्यासाठी तरी आला होता. तुमचा बाबा जवळजवळ पूर्ण मॅच बाकावर ब्लँकेट गुंडाळून बसला होता. मी थर्मॉसमधला चहा ओतत होते आणि मनात म्हणत होते की बाकावर बसलेला मुलगा बघायला एवढा प्रवास करायचा, तर आमच्या घरात सोफा होता.

शेवटी शेवटी आमच्या टीमने पॉइंट मिळवले आणि ती जेमतेम पुढे गेली. आता बॉल परत शत्रूला द्यायचा होता. थोडाच वेळ उरला होता, आणि तो बॉल शेवटच्या रेषेपर्यंत गेला असता तर सगळं संपलं असतं. नेमका तेव्हा उजव्या कडेचा मुलगा घोटा धरून खाली बसला. कोचने बाकाकडे बघितलं, दुसरं कोणी दिसेना, आणि तुमच्या बाबाला बोट दाखवलं.

बॉल डाव्या कोपऱ्यात गेला. सगळे तिकडे धावले. मीही मान वळवून तिकडेच बघत होते. घेणारा मधोमध आला, आमची पोरं त्याच्यावर तुटून पडणार तोच त्याने बॉल दुसऱ्याला दिला आणि तो दुसरा उजवीकडे सुटला. पुन्हा तीच युक्ती. मग तो थबकला, आत वळला, आणि आमच्या तिघांनी त्याला चिखलात गाडलं. मैत्रिणी किंचाळल्या. मी त्या तिघांसाठी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या आणि आजोबांना विचारलं की आपला कुठे आहे.

आजोबा त्या ढिगाऱ्याकडे बघतच नव्हते. ते उजव्या कडेकडे बघत होते. "अगं, तो हलला नाही," ते म्हणाले.

मॅच संपल्यावर तुमचा बाबा आमच्याकडे आला. चिखलाने माखलेल्या पोरांमध्ये त्याची एकट्याची जर्सी स्वच्छ होती. मी, असू दे रे, असं काहीतरी म्हणायच्या बेतात होते. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही.

"बाबा, सांगा. सोडू?"

"त्या पळणाऱ्याने तुला बघितलं आणि आत वळला," आजोबा म्हणाले. "तुला डावीकडे जावंसं वाटत नव्हतं?"

"खूप वाटत होतं."

"मग?"

"नाही गेलो."

आजोबांनी चष्मा काढून पुसला, त्या पावसात त्याचा काही उपयोग नव्हता तरी. "पेपर पास हो," ते म्हणाले. "आणि हे सोडू नकोस."

परतीच्या वाटेवर कार्लाइलला पेट्रोल भरताना ते एवढंच म्हणाले की बाकी सगळे बॉल बघत होते. मी म्हटलं, बॉलच्या खेळात लोक बॉलच बघतात, त्यात लोकांची काय चूक.

तुमचा बाबा गणितात पास झाला, दुसऱ्या खेपेला. टीममध्ये तो पुढेही होता, त्याच कडेला. आजोबा आणखी काही वेळा एकटेच बघायला गेले. मला ते येतेस का विचारायचे, आणि मी हवामानाचा अंदाज ऐकून नाही म्हणायचे. तेव्हा नोंद करून ठेवा: सहा फुटी माणूस नव्हता. जो होता तो तुमच्या बाबापेक्षा बुटका होता, आणि तुमच्या बाबाने त्याला बोटही लावलं नाही. मॅच वाचली ती त्यामुळेच, पण ही गोष्ट जेवणाच्या टेबलावर सांगायला अवघड जाते हे मला समजतं.

आजोबा आता नाहीत. त्या मैदानावर घरं झाली आहेत. टीम अजून आहे म्हणतात, मी चौकशी केलेली नाही. त्या दिवशी आजोबांनी एकच फोटो काढला होता, कधी काढला ते मला कळलंही नाही. त्यात बॉल नाही, गर्दी नाही. ओलं गवत आहे आणि गुडघे वाकवून, हात पसरून एकटा उभा असलेला तुमचा बाबा आहे. तो फोटो माझ्या कपाटात, वरच्या खणात आहे.