मोत्याला सोडा

दाजींचा जन्म मांडी देण्यात गेला, असं त्यांच्या कारखान्यातली माणसं म्हणत. थट्टेत म्हणत, पण थट्टा काही अगदीच खोटी नव्हती.

त्याचं असं आहे. हल्ली यंत्राचा मेंदू एका पत्त्याएवढ्या तुकड्यावर येतो. त्याला मॉड्यूल म्हणायचं. अक्कल त्यात ठासून भरलेली, पण बिचाऱ्याला ना हात ना पाय, आणि जेवण कुठल्या दारानं येतं तेही माहीत नाही. थोरामोठ्यांच्या घरात असा एखादा हुशार मुलगा असतोच. तर या हुशाराच्या खाली एक रुंद बोर्ड लागतो. तो त्याला झेपेल तेवढीच वीज भरवतो, तारा खोचायला खाचा देतो, बटणं, दिवे, मोटार, सगळ्यांशी ओळख करून देतो, आणि वीज गेली तरी घड्याळ चुकू नये म्हणून पोटाशी एक चपटा सेल धरून बसतो. कागदोपत्री याचं नाव कॅरियर बोर्ड. कारखान्यात मात्र त्याला मांडी म्हणत. मॉड्यूल खाचेत तिरपं सरकवून दाबलं आणि दोन्ही बाजूंच्या चिमट्यांनी खट् केलं, की मेंदू मांडीवर बसला. मेंदू बाहेरून विकत यायचे, दर काही वर्षांनी बदलायचे. मांडी दाजींची.

ते मुळात रेडिओ दुरुस्त करणारे. लग्न झालं आणि सासऱ्यांच्या छोट्या कारखान्यात 'जरा हातभार लावा' म्हणून आले. आले ते चिकटले. सासरे गेले, धाकटा मेहुणा मालक झाला. तो त्यांना आदरानं दाजी म्हणायचा, म्हणून हिशेबनीसापासून सफाईवालीपर्यंत सगळे दाजीच म्हणू लागले. आदराची दोरी मोठी वाईट. काथ्याची असती तर तोडता आली असती. पगारवाढ मागावी तर नातं आड येई, रजा मागावी तर मेहुणा म्हणे, "दाजी, तुमचाच कारखाना आहे, तुम्हाला कसली रजा?" घरी बायको बजावायची की माझ्या भावाला दुखवू नका, आईनं शेवटी त्याचा हात माझ्या हातात दिलाय. दाजी म्हणत, हात तुझ्या हातात दिला, मान माझी का अडकली?

त्यांच्या खोलीला खिडकी होती, पण तिच्यापुढे बोर्डांच्या खोक्यांची चळत. दिवसा दिवा लावून ते पडद्यावर तांब्याच्या बारीक रेघा ओढत बसायचे. जुनं मॉड्यूल बंद पडून नवं आलं की पुन्हा तीच मांडी नव्या बाळाच्या मापाची करायची. एकदा म्हणाले, बाळं मोठी होऊन जातात, मांडीला मुंग्या येतात.

अशात गावाबाहेरच्या तंत्रशाळेच्या बाईंनी त्यांना बोलावलं. बाई तिथल्या मुख्य. म्हणाल्या, मुलांच्या हातात तापतं सोल्डरिंगचं हत्यार देऊन शिकवणारा माणूस हवाय, तुम्ही या. दाजी घरी आले ते शीळ घालत. बायको म्हणाली की त्याला तुम्हीच सांगा, मी मधे पडणार नाही. तिच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे परवानगीच. पण मेहुण्याला सांगायचं कसं? दाजींनी विषय काढला की त्याला फोन यायचा. फोन नाही आला तर खोकला यायचा. दिवस सरत गेले आणि बाईंनी निरोप धाडला की आज संध्याकाळपर्यंत हो म्हणा, नाहीतर उद्या दुसऱ्याला विचारते.

त्याच दिवशी दुपारी एका उंच इमारतीतून तक्रार आली. दाजींचा बोर्ड तिथल्या लिफ्टमध्ये नुकताच बसवला होता आणि लिफ्ट मधेच रुसायची. मेहुणा म्हणाला, चला दाजी, दोघं जाऊ. दाजींना वाटलं, बरं झालं, वाटेत बोलू. वाटभर मेहुणा फोनवर होता. इमारतीच्या वयस्कर राखणदारानं दार उघडून दिलं, दोघं लिफ्टमध्ये शिरले, आणि तिसरा मजला गेला, चौथा यायचा होता, तिथे लिफ्टनं अंग टाकलं. दिवा जळत होता, पंखा फिरत होता, आणि लिफ्ट जागची हलत नव्हती.

मेहुण्यानं सगळी बटणं दाबून पाहिली, मग तीच उलट्या क्रमानं. दाजींनी राखणदाराला फोन लावला आणि वर छताजवळच्या यंत्राच्या खोलीत जायला सांगितलं. राखणदारानं जाऊन मुख्य बटण बंद केलं, पुन्हा लावलं. काही नाही. होणारही नव्हतं, कारण वीज गेली तरी बोर्डानं जागं राहावं म्हणून बॅटरीची पक्की सोय दाजींनीच करून ठेवली होती. मग बोर्डावर एक साधं बटण का नाही, दाबलं की मेंदू नव्यानं सुरू होईल असं? होतं की. कुणी उगाच दाबेल म्हणून मेहुण्यानंच काढायला लावलं होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

आता राहिला मोत्या. मेंदू कधीकधी विचार करता करता गोठतो, शून्यात बघत बसतो. त्यासाठी मांडीवर एक पहारेकरी चिप असते. मेंदूनं तिला घडोघडी 'मी जागा आहे' अशा खुणेचा तुकडा टाकायचा. तुकडा चुकला की ती समजते, मालक झोपला, आणि चावून उठवते. दाजींनी तिच्याशेजारी पांढऱ्या अक्षरांत 'मोत्या' असं छापलं होतं, शेपटीसकट. बोर्ड तपासताना मात्र मोत्या सारखा मधे चावला तर काम होत नाही, म्हणून दोन टाचण्यांवर एक काळी टोपी बसवून त्याला बांधून ठेवायचं, आणि माल बाहेर जाताना टोपी काढून सोडायचं. दाजींच्या लक्षात आलं, हा बोर्ड मोत्या बांधलेलाच इथे आलाय.

ते फोनवर म्हणाले, "काका, घाबरू नका. आधी मोत्याला सोडा."

राखणदार म्हणाला, "साहेब, तो चावेल."

"चावू दे. चावण्यासाठीच ठेवलाय त्याला."

राखणदार बरं म्हणाला आणि फोन ठेवून गेला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग खालून भुंकण्याचा आवाज आला. तो जिन्यानं मजला मजला वर चढत आला, कुठलंसं दार धाडकन लागलं, एक बाई कुणाच्या तरी सात पिढ्यांची विचारपूस करू लागली, आणि वर चौथ्या मजल्याच्या दाराला बाहेरून कुत्र्याची नखं घासू लागली. इमारतीच्या कुत्र्याचं नावही मोत्याच होतं.

मेहुणा कुत्र्याला लहानपणापासून भ्यायचा. तो मागच्या भिंतीला जाऊन टेकला. दाजी मात्र डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं की बोर्ड टोपीसकट बाहेर गेलाच कसा. मेहुणा कपाळ पुसत पुटपुटला की गिऱ्हाईक दारात उभं होतं, तुम्ही जेवायला गेला होतात, तुमच्या टेबलावरून मीच उचलून दिला.

दाजी रागावले नाहीत. कारखान्यात ते त्याला मालक म्हणत. आज घरचं नाव घेतलं.

"बाळू, मला शाळेत शिकवायला जायचंय. आज सांगायचंय त्यांना."

बाळूनं सवयीनं खिशातला फोन काढला. फोन काही वाजेना. खोकूनही पाहिलं. चार भिंती, एक पंखा आणि समोर दाजी. जायला जागाच नव्हती.

"तुम्ही गेलात तर मी काय करू, दाजी?" शेवटी तो म्हणाला. "मला त्यातलं काही कळत नाही. बाबांनाही कळायचं, तुम्हालाही कळतं. मी नुसता खुर्चीवर बसलोय. रोज भीती वाटते की कुणाच्या लक्षात येईल."

इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा निघालं. दाजींना वाटत होतं आपण एकटेच कोंडले गेलोय. ते म्हणाले, खोलीतली बोर्डांची सगळी चित्रं तुझ्यासाठी नीट लावून ठेवतो, कारखान्यात तारा जोडणारी ती कामगार माझ्याइतकीच तयार आहे, तिला विचारत जा. पण मला सोड.

बाळूनं फोन खिशात ठेवला. पलीकडे नखं घासतच होती. मग तो हळूच म्हणाला, "जा."

दाजींनी राखणदाराला पुन्हा फोन केला, यंत्राच्या खोलीत परत पाठवलं आणि या वेळी नीट समजावलं. बोर्डावर शेपटीचं चित्र आहे ना, त्याच्याशेजारची काळी टोपी नखानं उपटा. राखणदारानं उपटली. वरचा मोत्या कडकडून चावला, मेंदू दचकून जागा झाला, लिफ्ट रांगत खाली तिसऱ्या मजल्यावर आली आणि दार उघडलं. खालचा मोत्या तोवर वास घेत जिन्यानं तिथे येऊन पोचला होता. तो आत शिरला आणि बाळूचे बूट हुंगू लागला.

दाजींनी तिथेच उभ्या उभ्या शाळेला फोन लावला. मोकळं दार दिसताच बाळूच्या जिवात जीव आला होता. कुत्र्यावरची नजर न काढता तो कुजबुजला, दाजी, सोमवार ते शुक्रवार शाळा करा, शनिवार तेवढा माझ्याकडे या, नवं मॉड्यूल येतंय, त्याला मांडी कोण देणार?

पलीकडून बाईही नेमकं शनिवारचंच विचारत होत्या. शनिवारी मुलं दिवसभर हातकामाला असतात, जमेल ना?

दाजींनी बाळूकडे पाहिलं. मोत्यानं त्याच्या बुटावर पंजा ठेवला होता.

"जमेल बाई," दाजी म्हणाले. "शनिवारी तर नक्की."

मग त्यांनी फोन खिशात टाकला, मोत्याच्या पट्ट्याला धरून त्याला बाहेर घेतलं आणि बाळूला म्हणाले, चल, जिन्यानं उतरू, तुझ्या ताईला आपण दोघांनी मिळून सांगायचंय.