सहा रेघा, वरून खाली

आमच्या नागपूरच्या घरात पत्रिका हा शब्दसुद्धा चालायचा नाही. दारात ज्योतिषी आला की बाबा त्याला चहा पाजायचे, तासभर वाद घालायचे आणि जयभीम करून परत पाठवायचे. त्याच बाबांची लेक मी, अमेरिकेत वेस्ट विंडसरच्या किचन टेबलवर क्वार्टरची तीन नाणी उडवून विचारत बसले, बाबांना भेटायला जाऊ की नको?

बाबा आयसीयूत होते. गेले तर परतताना व्हिसा स्टॅम्पिंगला अडकणार, नोकरी जाणार, ही मला धास्ती. लॅबमधल्या एका वयस्कर चिनी बाईंनी त्यांच्याकडची पद्धत सांगितली होती. नाणी सहा वेळा टाकायची, दर वेळी एक रेघ काढायची, अखंड किंवा तुटकी. तिन्ही नाणी सारखी पडली की ती रेघ बदलते आणि पहिल्या आकृतीतून दुसरी निघते. अर्थ बघायला त्यांनी पुस्तकही दिलं होतं.

माझी शेवटची रेघ बदलणारी निघाली. आकृती 'अडथळा'. बदलत्या रेघेचा अर्थ, गेलीस तर अडकशील, थांब. दुसरी आकृती, 'पार पडलं'. हुश्श! लगेच भावाला फोन केला, "स्टॅम्पिंगचं फार रिस्की आहे रे, दोन आठवडे बघू." तो म्हणाला, "बघ ताई, तुला जमेल तसं." नवव्या दिवशी बाबा गेले.

पुढे एकदा तो कागद त्या बाईंना दाखवला. त्यांनी बघितला आणि सरळ उलटा धरला. "रेघा खालून वर काढायच्या असतात. तू वरून काढल्यास?"

वरूनच काढल्या होत्या. आपण सगळं वरूनच लिहितो ना! उलट्या कागदावरची आकृती होती 'सुटका'. निघायचं असेल तर लवकर निघ. आणि बदलून येणारी, 'अजून पार पडलेलं नाही'.

कपाळ माझं! पण खोटं कशाला बोलू? रेघा बरोबर काढल्या असत्या तर मी पुन्हा नाणी उडवली असती, 'अडथळा' येईपर्यंत. मला नोकरी सोडवत नव्हती, एवढंच खरं. पत्रिका घेऊन फिरणाऱ्यांना बाबा म्हणायचे, "ठरवून आलायस, आता नुसती सही मागतोयस."

भाऊ अजून नातेवाइकांना सांगतो, ताई निघालीच होती, व्हिसानं घात केला. शेवटच्या दिवशी बाबांनी त्याला दोनदा विचारलं होतं, "निघाली का ती?" त्यानं दोन्ही वेळा हो सांगितलं.