लेथजवळचा गाडा

मालवणात बंदराजवळ माझं वर्कशॉप होतं, तिथला हा लेथवाला. बोलण्याआधी तो चिंधीने हात पुसायचा आणि मग एखादंच वाक्य बोलायचा. लाँचचे जड शाफ्ट लेथवर चढवायला दोन हमाल लागत, आणि तोवर लेथ बंद राही.

“शेठ, मशीन उगाच उभा रवता. माका बघवत नाय,” तो एकदा म्हणाला आणि फणसाच्या फळ्यांचा, लेथच्या उंचीचा गाडा त्याने स्वतःच केला. एक शाफ्ट कातून होईपर्यंत दुसरा, लाँचवाल्यांनी आणून ठेवलेला, गाड्यावर तयार असे. तो एकटाच सरकवून चढवी.

आठवड्याभरात मी दोन्ही हमालांना काढून टाकलं. ते त्याच्याच वाडीतले होते.

त्याने हात पुसले. “गाडो मी मशीनसाठी केलंय, शेठ. माणसां काढूक नाय.”

“तुझा काम तर आसा ना?” असं मी त्याला म्हणालो. त्याची लाज आजही वाटते.

तो गाडा वापरत राहिला. मात्र प्रत्येक शाफ्ट बदलताना लेथ बंद करून, हमालांना लागायचा तेवढा वेळ तो नुसता उभा राहायचा. मी समोर बसून बघायचो. त्याला टोकायची हिंमत मला कधीच झाली नाही.