कालिंदीबाईंच्या कॉम्प्युटरमधला आगंतुक

कालिंदी राणे यांनी गिरगावातल्या एका छापखान्यात उभं आयुष्य दुसऱ्यांच्या लग्नपत्रिका टाइप केल्या. कोणत्या काकांचं नाव आधी यावं यावरून दोन घराणी दुकानातच हमरीतुमरीवर यायची, तेव्हा बाई चष्म्यावरून नुसत्या बघायच्या आणि म्हणायच्या, "वयाप्रमाणे लावते." की भांडण मिटलं. पुढे लोक मोबाईलवरच आमंत्रणं धाडायला लागले आणि छापखान्याला टाळं लागलं. मालकांनी निरोपाला शालीऐवजी दुकानातला कॉम्प्युटर देऊन टाकला. बाईंना ते पटलं. शाली काय, घरात होत्याच.

परळला त्यांची चाळ होती, तिथे आता टॉवर आहे आणि त्यातच बाईंना घर मिळालंय. नव्या घराला उगाच नावं ठेवू नयेत; नळाला पाणी आहे, लिफ्ट आहे. पण इथे दार लावलं की ते खरोखरच लागतं. चाळीत भरदुपारी दार लावून घ्यायची सोय नव्हती, चार बायका कडी वाजवून विचारायच्या, बरं नाही का गो? इथे आठवडा गेला तरी कोणी विचारत नाही. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती एक मुलगी नूपुर, ती नवरा आणि मुलासकट मेलबर्नला. तेव्हा बाईंचा आठवडा म्हणजे सहा दिवस वाट बघायची आणि रविवारी दुपारी लेकीशी व्हिडिओ कॉलवर बोलायचं. मोबाईल जुना, त्यात लेकीचा चेहरा सुपारीएवढा दिसायचा, म्हणून कॉल कॉम्प्युटरवर. त्यासाठी बाई साडी बदलून बसायच्या.

गेल्या संक्रांतीनंतर त्या कॉलला दृष्ट लागली. नूपुर "आई" म्हणायची आणि उघड्या तोंडाने थिजून जायची. मग विहिरीतून यावा तसा आवाज. दिसतेय का, ऐकू येतंय का, आता दिसतेय का, यातच दुपार सरायची आणि दोघी कंटाळून ठेवून द्यायच्या. नेटवाला येऊन बघून गेला, म्हणाला लाइन ठणठणीत आहे. इकडे बाईंच्या पोटात सांगायचं साठत चाललं होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यासाठी त्या एकट्याच टॅक्सी करून गेल्या नि आल्या. एका पहाटे नूपुरचे बाबा स्वप्नात येऊन चहा मागून गेले. हे थिजलेल्या तोंडाला काय सांगायचं? हा एक रविवारही हातचा गेला तर आपल्याकडे राहिलं काय, या विचाराने त्यांना अन्न गोड लागेना.

एक दिवस त्या भाजी निवडत बसल्या होत्या. कॉम्प्युटरचा पडदा काळा, बाईंचा हातही त्याला लागलेला नाही, आणि आतला पंखा मात्र दम लागल्यासारखा घरघरतोय. कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला तर तापलेला तवा. "मेल्या, मी तुला कामाला लावला नाही," बाई त्याला म्हणाल्या, "मग कोणी लावला?"

बोलल्या आणि स्वतःच थबकल्या. छापखान्यात मशीन बघणारा गौतम होता, आता माझगावला मुलाकडे असतो, गुडघे गेल्यामुळे खाली उतरत नाही. त्याला त्यांनी फोन लावला.

"गौतम, हा कॉम्प्युटर लबाड आहे रे. संक्रांतीपासून लेकीचा कॉल धड चालत नाही. आत काय चाललंय ते बघायला टास्क मॅनेजर उघडला की पंखा गप. बंद केला की परत सुरू."

"ताई, मग मशीन आजारी नाय. आत कोणतरी बसलाय. पाऊल वाजलं की चोर श्वास धरतो ना, तसा."

"चोरायला आहे काय माझ्याकडे?"

"काय नेत नाय तो. राबवतो. कुठला तरी परका तुमच्या मशीनला दिवसभर गणितं घालतोय, त्याचे त्याला क्रिप्टोचे पैसे सुटतात. लाइट तुमची, मशीन तुमचं, कमाई त्याची. मशीनला दमच नाय उरत, तर तुमचा कॉल कसा चालणार? आता आठवा, संक्रांतीला नवीन काय टाकलंत?"

बाईंना आठवायला लागलं नाही. सोसायटीच्या बायकांनी हळदीकुंकवाची नोटीस टाइप करून मागितली होती. जुन्या मराठी फॉन्टचा प्रोग्राम चालेना, म्हणून बाईंनी एका साइटवरून त्याची फुकट कॉपी उतरवली. आता इथे मराठी टाइपवाल्यांची एक जुनी खोड सांगायला हवी. ते जुने फॉन्टचे प्रोग्राम टाकताना अँटिव्हायरस हमखास बोंब मारायचा, नसलेला व्हायरस दाखवायचा. म्हणून छापखान्यांतून रिवाजच पडला, आधी अँटिव्हायरस बंद करायचा, मग प्रोग्राम टाकायचा, आणि वर त्याला बजावून ठेवायचं की या फोल्डरकडे पुन्हा बघू नकोस. बाईंनी हे इतक्यांदा केलं होतं की त्या दिवशीही हात आपसूक चालला. या खेपेला बोंब खरी होती. चोर त्याच फोल्डरमध्ये पाय पसरून बसला होता आणि राखणदार मान फिरवून उभा होता, बाईंच्याच हुकमाने.

"माझीच अक्कल शेण खायला गेली," बाई म्हणाल्या.

"सगळ्यांचीच जायची तेव्हा. चला, आधी नेटची वायर काढा."

फोन कानाशी धरून बाईंनी वायर काढली, फॉन्टचा प्रोग्राम उडवला, फोल्डरला दिलेली सूट रद्द केली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तर पंखा पुन्हा घरघरायला लागला. बाईंना रडूच आलं. गौतम म्हणाला, जाताना त्याने गजर लावून ठेवला असणार. आणि होताच. कॉम्प्युटरने ठरलेल्या वेळी आपोआप करायच्या कामांत एक 'अपडेट' नावाचं सोज्वळ काम होतं, मशीन चालू झालं की ते चोराला हळूच उठवायचं. ते काढलं. मग अँटिव्हायरसची ती तपासणी लावली, जी विंडोज जागं व्हायच्या आधीच होते, म्हणजे चोराला उभं राहायलाही वेळ मिळत नाही. ती संपली तेव्हा त्याची राहिलेली पिलावळही निघाली होती. वायर परत जोडल्यावर गौतमने पासवर्डही सगळे बदलायला लावले.

पंखा शांत झाला. घर इतकं गप्प झालं की बाईंना खालच्या मजल्यावरचा कुकर ऐकू आला. इतके महिने घरात आपल्याशिवाय आणखी कुणाची तरी घरघर होती, आणि ती आपल्याला सोबत वाटत होती, हे त्यांना त्या क्षणी कळलं. चोराची आठवण काढायची म्हणजे काय? त्यांना स्वतःची लाज वाटली, पण वाटायचं ते वाटलंच. रविवारी पोटभर बोलू, असं मनाला बजावून त्या उठल्या. नूपुरला त्यांनी काहीच कळवलं नाही, तिला चकित करायचं होतं.

रविवारी चित्र असं स्वच्छ आलं की लेकीच्या कानाजवळचे पांढरे केस दिसले. बाईंना भरून आलं. हे कधी पिकले?

"बरी आहेस ना, आई?"

"बरी आहे. अगं, डोळ्याचं ऑपरेशन झालं माझं."

"अरे वा, छान. आता दिसतं ना नीट?"

"दिसतं."

मग बाईंनी स्वप्न सांगितलं. इतके दिवस जपलेलं ते स्वप्न दोन वाक्यांत संपलं. नूपुर हसली, पण तिचे डोळे खाली होते. तिच्या चष्म्यावर दुसऱ्या कुठल्या तरी पडद्याचा उजेड हलत होता, बोटं काहीतरी टाइप करत होती. हे आधी कधी दिसलंच नव्हतं.

"जेवलीस?" बाईंनी विचारलं.

"हो. बाकी?"

"बाकी काय."

आता दोष द्यायला मशीनही नव्हतं. नातू मागून गेला, हात हलवून गेला. नूपुरने घड्याळाकडे पाहिलं, मग ती पडद्याजवळ वाकली आणि जरा मोठ्याने म्हणाली, "आई? अगं, तू परत अडकलीस. ऐकूच येत नाहीये. आई?"

पंखा शांत होता, चित्र कुठे अडकलं नव्हतं, बाईंना तिचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. "अगं, मी इथेच आहे," हे त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण पोरगी दमलेली दिसत होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं. हे निमित्त काढून घेतलं तर तिला दुसरं शोधावं लागेल, नाहीतर खरं सांगावं लागेल, आणि ते ऐकायची बाईंची तयारी नव्हती. त्यांनी तोंड अर्धवट उघडं तसंच धरलं, श्वास रोखला, आणि नूपुरने कॉल बंद करेपर्यंत पापणीही हलू दिली नाही.