किडनीचं नाव निघालं तेव्हा

महिनाभर मला झोप नव्हती. छातीत धडधडायचं, डोकं तापायचं आणि पाय मात्र बहारीनच्या उन्हाळ्यातही गार पडायचे. शेवटी बायकोने मी काम करतो त्या तुबलीच्या गॅरेजमधून मला सुट्टी घ्यायला लावली आणि गुदैबियातल्या एका चिनी डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी दोन्ही मनगटांवरची नाडी बराच वेळ पाहिली आणि मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "हार्ट और किडनी का बॅलन्स नहीं."

किडनी म्हटल्याबरोबर मला माझा थोरला भाऊ आठवला. तो डायलिसिसवर असतानाच गेला होता. बाई पुढे काय बोलल्या ते मला ऐकूच आलं नाही. आम्ही तडक लॅबमध्ये जाऊन रक्त दिलं. दोन दिवस मी पाणीसुद्धा घाबरत प्यायलो.

रिपोर्ट नॉर्मल आला. तो घेऊन परत गेलो, तेव्हा बाईंनी समजावलं, "किडनी खराब आहे असं मी म्हटलंच नव्हतं. आमच्या चिनी वैद्यकशास्त्रात हृदय म्हणजे आग, किडनी म्हणजे पाणी. भीती वाढली की पाणी वर चढत नाही, आग शांत होत नाही. तुम्हाला कसली भीती आहे?"

"भावासारखाच जाईन याची," मी पहिल्यांदाच बोलून दाखवलं.

बायको गाडीत बसल्यावर म्हणाली, "मलाही तीच भीती होती."